पाऊस लागला म्हणून गाडी माघारी वळवू नका, तेरला जा

परवाच्या रविवारचं सांगते. नळदुर्गला जायचं म्हणून पोरांनी आठ दिवस डोकं खाल्लेलं, धबधबा सुरू झालाय, सगळ्यांच्या स्टेटसला तोच व्हिडिओ, मग आपण कधी जायचं. शनिवारी रात्री धपाटे करून ठेवले, शेंगदाण्याची चटणी, दही वेगळं बांधलं, आणि पहाटे चारला जो पाऊस लागला तो सहा वाजले तरी तसाच, रिपरिप नाही, चांगला धो धो. आमचे हे म्हणाले राहू दे आता, पुढच्या रविवारी बघू. तेवढ्यात मावसभावाचा फोन, तो आदल्या दिवशी जाऊन आलेला, म्हणाला ताई आज येऊच नका, गाडी लावायला जागा नाही आणि पोरं सेल्फीसाठी पार पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहलालीत, बघूनच पोटात गोळा येतो.

पोरं रडवेली झाली. आत्या (माझ्या सासूबाई) चहा घेत बसलेल्या, त्या म्हणाल्या, "पाणी येलालंय तर येऊ द्या की, वर्षातनं किती दिस येतंय. छपराखाली कुठं जाता येत नाही का?"

आणि खरंच मला पटकन उत्तर सुचलं नाही. लातूरला जन्म गेला माझा, पण पावसात छपराखाली कुठं जायचं हा विचार कधी केलाच नव्हता. आपल्याकडं पावसाची वाट बघायची सवय आहे, तो आल्यावर त्या दिवसाचं काय करायचं याची नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आपल्या गावाला, ते बघितलेली माणसं आपण, पाऊस आला की नुसतं खिडकीत उभं राहून बघण्यातच दिवस जातो. पण पोरांना ते कसं पुरणार.

मग म्हटलं तेरला जाऊ, धाराशिव जिल्ह्यातलं गाव. मुरूड, ढोकी आणि तेर, लांब नाही. मी डीएडला असताना एकदा गेले होते, त्यानंतर नाहीच. गोरोबा काकांचं दर्शन घेऊन लोक परत फिरतात, मी पण तेव्हा तशीच फिरणार होते, एका मैत्रिणीनं हाताला धरून रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात नेलं होतं. ते डोक्यात राहिलेलं.

आता हे नीट वाचा, कारण मला पोस्टमध्ये मुख्य हेच सांगायचंय. तेर हे आजचं साधं गाव वाटतं, पण हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं समुद्रप्रवासाचं टिपण आहे, पेरिप्लस म्हणतात त्याला, त्यात पैठण आणि तगर अशी दोन्ही नावं आहेत. भडोचपासून, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या जुन्या बंदरापासून, दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथून साधं कापड, मलमल, तलम वस्त्रं गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातनं भडोचला जायची आणि पुढं जहाजानं पार रोमपर्यंतच्या बाजारात. हे मी गाडीत पोरांना सांगत होते आणि भाचा ढोकीच्या आधी खड्ड्यावरून कुरकुर करत होता, तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला, मावशी म्हणजे बैलगाडीनं महिना? हो रे बाबा, महिना. आणि पावसाळ्यात काळ्या मातीतनं गाडी निघेल का, हा त्याचा पुढचा प्रश्न. मला तो प्रश्न इतका आवडला. आठवीचं पोरगं, दिवसभर मोबाईलमध्ये, आणि त्याला चिखलात रुतलेलं दोन हजार वर्षांपूर्वीचं चाक दिसलं.

संग्रहालयात आमच्याशिवाय एक जोडपं होतं, बाकी कुणी नाही. बाहेर पाऊस, आत शांतता, आणि काचेच्या पलीकडं आपल्याच गावाकडची माणसं वापरायची त्या वस्तू. मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दिवे. आणि हा सगळा खजिना मुळात एका गावकऱ्यानं, रामलिंगप्पा लामतुरे यांनी, वर्षानुवर्षं गोळा करून जपलेला, पुढं तो सरकारकडं आला म्हणून आज आपल्याला दिसतो. शेतकऱ्याच्या घरची असाल तर माहीतच असेल, जुन्या गावठाणाच्या पांढरीत जोराचा पाऊस झाला की वरची माती वाहून जाते आणि खापरं, मणी उघडे पडतात. लोक ते बघतात आणि पायानं बाजूला सारतात. या माणसानं ते उचलून ठेवलं. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, शाळेत आम्ही पोरांना थोरामोठ्यांची चरित्रं सांगतो त्यात यांचं नाव का नाही हे मला कळत नाही. पुढच्या महिन्यात माझ्या वर्गात मी सांगणारच आहे.

याच संग्रहात एका बाईची हस्तिदंताची मूर्ती आहे. वीतभर पण नाही उंची. दागिने, कमरेची मेखला, केसांची रचना, सगळं इतकं बारीक की आत्या काचेला नाक लावून उभ्या. इटलीत पॉम्पेई म्हणून शहर होतं, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथं १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अभ्यासक त्या मूर्तीशी तुलना करताना तेर आणि भोकरदनच्या मूर्तींची नावं घेतात. म्हणजे जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर. ज्या गावांच्या नावाची पाटी आपण एसटीच्या काचेतनं बघून डुलकी काढतो ती गावं. आत्यांनी मला विचारलं, "हिच्या पायात तोडे हायत का गं?" आणि मग आम्ही दोघी दहा मिनिटं फक्त तिच्या अंगावरचे दागिने मोजत होतो. सोनाराच्या दुकानात पण एवढा वेळ कधी दिला नसेल.

नंतर पाऊस जरा कमी झाला तेव्हा उत्तरेश्वराच्या देवळाकडं गेलो. विटांचं जुनं देऊळ. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे ऐकून होते, पण डोळ्यांनी बघितलं नव्हतं. जवळच्या एका घरी आजोबांनी वाड्यात सापडलेला जुना तुकडा जपून ठेवलेला, पोरांनी हट्ट केला म्हणून त्यांनी बादलीत टाकून दाखवला. बुडला नाही. हातात घेतला तर वीट वाटतच नाही, वाळलेल्या भाकरीसारखी हलकी, आणि तुटलेल्या बाजूला बारीक बारीक छिद्रं. मातीत भुसा कालवून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि आत पोकळी राहते, म्हणून ती हलकी. आजोबा म्हणाले, "गोरोबा काकांच्या गावात माती कच्ची कशी राहील?" आणि मग त्यांनीच पोरांना ती गोष्ट सांगितली, काकांनी थापटण्यानं सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटून कुणाचं मडकं पक्कं ते बघितलं आणि नामदेवांचं कच्चं निघालं, ती. मी ही गोष्ट वर्गात पन्नास वेळा सांगितली असेल, पण पावसात, कुंभाराच्या गावात, हातात वीट धरून ऐकताना अंगावर काटा आला.

घरी आल्यापासून मी याच विचारात आहे की आपल्या मराठवाड्यात पावसाळी दिवसासाठी किती काय आहे आणि आपण फक्त धबधब्याच्या मागं पळतो. नळदुर्गचंच घ्या. लोक तिथला धबधबा बघतात आणि परत येतात, पण तो धबधबा म्हणजे बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे! पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. वरून नदी वाहते आणि खाली खोलीत तुम्ही कोरडे उभे, खिडकीतनं समोर पाण्याचा पडदा. संभाजीनगरच्या पाणचक्कीला पण तसंच आहे, समोर तो मोठा हौद दिसतो ना, त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वाटसरूंना, फकिरांना थंडाव्यात बसता यावं म्हणून. ज्या मुलखात पाण्यासाठी कोसभर चालावं लागायचं तिथल्या कारागिरांनी डोक्यावर पाणी घेऊन बसायच्या खोल्या बांधल्या, हे मला जगातल्या कुठल्याही वॉटर पार्कपेक्षा भारी वाटतं आणि मी हे अगदी गंभीरपणे म्हणतेय. फक्त नळदुर्गला पाणी जास्त असेल तर विचारूनच आत उतरा, पायऱ्या ओल्या असतात.

वेरूळ-अजिंठ्याचं काहीजण विचारतात. वेरूळचं कैलास पावसात भिजल्यावर सुंदर दिसतं पण ते वरून उघडं आहे, तुम्ही पण भिजणार. पाऊस जोरात असेल तर दहाव्या लेण्यात जाऊन बसा, विश्वकर्मा, लोक सुतार झोपडी म्हणतात ते. छताला लाकडाच्या वाश्यांसारख्या दगडी कमानी कोरल्यात, खाली बुद्ध बसलेले, आणि आत हळू आवाजात ओम म्हटलं तरी घुमतं. अजिंठ्याला मात्र माझी हात जोडून विनंती आहे. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत, त्या गिलाव्यात गवत, भुसा असलं कालवलेलं, आणि रंग सुकलेल्या पृष्ठभागावर दिलेले. दमटपणा हा त्यांचा शत्रू. आपण ओले रेनकोट, टपटपणाऱ्या छत्र्या घेऊन पन्नास जण एकदम आत घुसतो, आपल्या श्वासाची आणि कपड्यांची वाफ तिथंच कोंडते. छत्री बाहेर झटका, थोडं निथळा, मग आत जा. आणि वार बघून निघा, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मागं आमच्याच शाळेतल्या बाईंच्या घरचे पावसात एवढ्या लांब जाऊन बंद गेट बघून आले.

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी वाट पावसात टाळा, निसरडं असतं, वटवाघळं वेगळीच. त्यापेक्षा संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूला सोनेरी महाल आहे, एका बुंदेला सरदारानं बांधलेला, आत राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. पावसात तो मागचा डोंगर हिरवागार होतो आणि महालात माणूस नसतं. पैठणला जाणार असाल तर पैठणीचे माग बघा, साडी घ्यायची नसली तरी. काठातला एकेक रंग वेगळ्या कांडीनं, धागा धाग्यात अडकवत घातलेला असतो, म्हणून काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, उलटीकडं धागे लोंबत नाहीत. माझ्या लग्नातली पैठणी खरी का यंत्रावरची हे मला तिथं गेल्यावर कळलं. (यंत्रावरची निघाली. वाईट वाटलं, पण आईनं ऐपतीप्रमाणं घेतली होती, मला ती तेवढीच प्रिय आहे.)

आता थोडं रागाचं पण बोलते. मी मागं एका संग्रहालयात गेले होते, नाव घेत नाही, आपल्याच भागातलं. भर पावसात पोचलो तर दिवे बंद, कारण माणूसच येत नाही म्हणे. आम्ही म्हटल्यावर एका दालनाचे लावले, आम्ही पुढं सरकलो की मागचे बंद. मूर्तीखालच्या पाटीवर शतक आणि दगडाचं नाव, बस. ही मूर्ती कुठल्या शेतात सापडली, कशी सापडली, हातात काय धरलंय, यातलं काही नाही. माझी मुलगी सहावीला आहे, तिला "शिल्पखंड" वाचून काय कळणार? दोन ओळी सोप्या मराठीत लिहायला काय लागतं? आणि पावसाळ्यात ओल्या चपला, छत्र्या ठेवायला एक कोपरा, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम, बसायला एक बाक. एवढं जरी झालं ना, तरी आमच्यासारख्या बायका पोरं घेऊन दर पावसाळ्यात येतील.

आणि आपण पण. हैदराबादला गेलो की सालारजंग बघायला अर्धा दिवस काढतो, तिकिटाच्या लाइनीत उभं राहतो. तेरला दोन तास काढायला आपल्याला का जमत नाही? शाळांच्या सहली डिसेंबरात कोकणात जातात, समुद्र बघावाच पोरांनी, माझं काही म्हणणं नाही, पण ऑगस्टमध्ये एक दिवसाची सहल तेरला का नाही? आपल्या गावचं कापड त्या समुद्रापलीकडं जात होतं हे आधी कळू दे की त्यांना.

परत येताना मुरूडच्या अलीकडं पाऊस पुन्हा वाढला, गाडी बाजूला घेऊन आम्ही गाडीतच धपाटे खाल्ले. घरी आल्यावर बघते तर मुलगी बाथरूममध्ये, अंगणातला विटेचा तुकडा बादलीत टाकून बसलेली. तो गेला तळाला. तिनं तो बाहेर काढला, पुसला, आणि आत्यांना विचारलं, आजी आपल्याकडं भुसा आहे का?