ब्राउझर अडकला की सगळे पुसून टाका, असे सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. घरच्या संगणकावरचा ब्राउझर मंद चालत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर त्याचे कारण साठलेली हिस्टरी आणि कॅश हेच असते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. उपाय चार सांगितले आहेत: रोज रात्री ब्राउझरच्या डेटा पुसण्याच्या यादीतल्या सगळ्या चौकटींवर खूण करून सगळा डेटा पुसावा, एखादे फुकटचे क्लीनर किंवा रॅम बूस्टर (मेमरी मोकळी करणारे साधन) टाकावे, कायम इन्कॉग्निटोमध्येच, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी खिडकीतच, काम करावे, आणि तरीही फरक पडला नाही तर इंटरनेटचा जास्त वेगाचा प्लॅन घ्यावा. चांगल्या हेतूने पुढे पाठवलेल्या या सल्ल्यामुळे लोकांचे प्रत्यक्ष नुकसान होत असल्याने त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा कॅशचा. एखादे संकेतस्थळ उघडल्यावर त्यावरची चित्रे, स्क्रिप्ट आणि मांडणीच्या फाइली ब्राउझर डिस्कवर ठेवून घेतो, ते पुढच्या वेळी त्या पुन्हा डाउनलोड कराव्या लागू नयेत म्हणून. त्यामुळे कॅश रोज पुसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पान पहिल्यापेक्षा उशिरा उघडते. एखादेच संकेतस्थळ वेडेवाकडे दिसत असेल किंवा त्यावरचे बटण चालत नसेल, तर जुनी किंवा बिघडलेली फाइल काढून टाकण्यासाठी कॅश पुसणे योग्यच आहे. पण तो त्या बिघाडावरचा उपाय झाला, रोजचा परिपाठ नव्हे. शिवाय ‘सगळ्या चौकटी’ म्हटल्यावर त्यात कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) येतात, आणि काही ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही येतात. नौपाड्यात आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांनी हा मेसेज वाचून सगळे पुसले. त्यांच्या मुलाने कधीतरी साठवून दिलेले पासवर्ड गेले, बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे ‘फरगॉट पासवर्ड’ करत बसण्याची वेळ आली, आणि ब्राउझर होता तसाच अडकत राहिला.

त्या बाईंच्या संगणकावर खरे कारण शोधायला फारसा वेळ लागला नाही. क्रोम किंवा एज चालू असताना शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. क्रोम २००८ साली आला तेव्हापासूनच त्याची रचना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या भागांमध्ये, विभागलेली असल्याने या यादीत टॅब आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने) निरनिराळे दिसतात, आणि कोण किती मेमरी व सीपीयू (प्रोसेसर) खाते आहे हे आकड्यांत कळते. सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. बाईंच्या यादीत सर्वांत वर होते ते खरेदीवर सवलतीचे कूपन शोधून देणारे एक एक्स्टेन्शन, जे आपण कधी टाकले हेही त्यांना आठवत नव्हते. ते काढून टाकल्यावर पाने पुन्हा सुरळीत सरकू लागली. फायरफॉक्समध्येही अशीच यादी मिळते, त्यामुळे ही सोय कोणा एका ब्राउझरपुरती नाही.

आता इन्कॉग्निटोकडे वळू. मेसेज लिहिणाऱ्याला तिथे ब्राउझर वेगवान वाटला असेल, हे मी मान्य करतो; मात्र त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन आपोआप बंद असतात, तुम्ही परवानगी दिलेली असेल तेवढीच चालतात. म्हणून तेच संकेतस्थळ नेहमीच्या खिडकीत अडकते आणि इन्कॉग्निटोमध्ये नीट चालते, असे दिसले तर संशय सर्वांत आधी एक्स्टेन्शनवर घ्यावा, ती एकेक करून बंद करावीत आणि प्रत्येक वेळी फरक पाहावा. इन्कॉग्निटो ही उत्तम चाचणी आहे. कायम तिथेच राहिल्याने दोष जागच्या जागी राहतो आणि दर वेळी नव्याने लॉगिन करावे लागते ते वेगळेच.

क्लीनर आणि रॅम बूस्टरबद्दल मी थोडक्यात पण स्पष्ट सांगतो: टाकू नका. मोकळी मेमरी म्हणजे वेगवान संगणक, हा समजच चुकीचा आहे, कारण रिकामी मेमरी विंडोज स्वतःच नेहमीच्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी वापरते. बूस्टर ती जबरदस्तीने रिकामी करतो आणि त्याच गोष्टी पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये तर सीक्लीनर या प्रसिद्ध साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घुसवलेला घातक कोड सापडला होता आणि ती आवृत्ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. मेमरी खरोखरच अपुरी पडत असेल, तर क्रोममधला मेमरी सेव्हर किंवा एजमधले स्लीपिंग टॅब्स चालू करावेत. न वापरलेले टॅब ते आपोआप निजवतात.

राहिला प्लॅन. टाइप केलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटत असेल किंवा पान सरकवताना धक्के बसत असतील, तर दोष घरातल्या यंत्राचा आहे आणि कितीही एमबीपीएस घेतले तरी तो जाणार नाही. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकावर मेमरी संपली की विंडोज डिस्कचा आधार घेते आणि सगळे ठप्प होते. अशा वेळी तेच पैसे एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) खर्च करावेत. ठाण्यातल्या धुळीच्या घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांनी पंख्यात साचलेली धूळही तपासावी, कारण प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. उलट अक्षरे झटपट उमटतात पण पान येतच नाही, असे होत असेल तर नेटवर्ककडे पाहावे. तिथेही आधी वायफाय राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरपट्ट्यावर घेऊन पाहावे. उंच इमारतीत प्रत्येक घरात राउटर असतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल जेमतेम तीन असल्याने तिथे गर्दी होतेच.

एवढे करूनही ब्राउझर अडकत असेल, तर सगळे पुसण्याऐवजी क्रोमच्या सेटिंग्जमधला रिसेट वापरावा. त्याने एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणजे पुन्हा लॉगिन करावे लागते. पण बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड जागेवर राहतात.