रात्रीच बरा वास सुटतो!

बडोद्याच्या छाणीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. थंडी पडली, वारा नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांकडून आला की रात्री उशिरा सुरू. कधी सडक्या अंड्यांसारखा वास, कधी नाकात झोंबणारा उग्र दर्प. खिडक्या लावा, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबा, काही उपयोग नाही. पहाटे आई अंथरुणात उठून बसलेली असते, खोकून खोकून घसा बसलेला. आणि सकाळी हवा एकदम स्वच्छ! प्रदूषण नियंत्रण मंडळाला तक्रारीचा फोन लावावा तर विचारतात, "आत्ता येतोय का वास?" अहो, आत्ता कसा येईल? रात्री तुमच्याकडे फोन उचलतं कोण?

कारखान्याने वायू थेट चिमणीतून सोडायचा नसतो, आधी स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्रात, धुवायचा असतो. आम्लाचा असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. त्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते, कॉस्टिक विकत आणावं लागतं. रात्री पंप बंद ठेवला की तेवढे पैसे वाचले, आणि अंधारात बघायला येतंय कोण! त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार नि वरची उबदार, त्यामुळे सोडलेलं वर जातच नाही, आमच्या खिडक्यांपाशी साचून राहतं. म्हणजे बचत कारखानदारांची आणि नेब्युलायझर आमच्या घरात.

आम्ही तोंड उघडलं की कारखानदार ठरलेलं वाक्य ऐकवतात: "मग काय कारखाने बंद करायचे? पोरं काय खातील?" संताप होतो! दांडिया बाजारातल्या किती मराठी घरांच्या चुली रिफायनरीच्या नि खत कारखान्याच्या पगारावर पेटल्या, ते आम्हाला शिकवू नका. बंद करा असं म्हणतंय कोण? पंप चालू ठेवा एवढंच म्हणतोय. आणि पोरांची एवढी काळजी असेल तर तो वायू सगळ्यात आधी कोणाच्या छातीत जातो ते बघा. ठेकेदाराकडच्या त्याच पोरांच्या. त्यांना धड मास्क तरी देता का?

पाण्याची तीच कथा. 1983 पासून इथल्या कारखान्यांचं सांडपाणी जवळजवळ 56 किलोमीटरच्या चॅनेलमधून पादरा, जंबुसरमार्गे खंभातच्या आखाताकडे जातं. ते नीट शुद्ध करूनच सोडायचं असतं. बडोद्याच्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 22 फेब्रुवारी 2017 ला स्पष्ट सांगितलं: सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवू देऊ नका, वीज तोडा. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सामायिक प्लँटला पैसे नाहीत ही सबबसुद्धा कोर्टाने ऐकून घेतली नाही.

मग आमच्या हवेसाठी मंडळाला रात्री गाडी काढून कारखान्याच्या गेटवर जायला काय अडतं? रात्री दोन वाजता, न कळवता जा. स्क्रबरच्या पंपाला हात लावून बघा, गरम आहे की गार. गार लागला तर त्याच रात्री वीज तोडा.