अभिवाचन रंगवायचंय? मग लेखकाला वाचू देऊ नका!

मागच्या रविवारी दादरला एका कथासंग्रहाच्या अभिवाचनाला गेलो होतो. तिथे जे शिकायला मिळालं ते स्वतःपाशी ठेवणं बरं नाही, म्हणून ही शिकवणी, फुकट. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, तेव्हापासूनचा अनुभव आहे आपल्या गाठीशी, वाया कशाला घालवायचा?

तर आधी वार. रविवारच धरा, मेगाब्लॉक बघूनच. डोंबिवलीची मंडळी कुर्ल्याला लटकली की उशिरा सुरू करायला आयतं कारण मिळतं.

माईक आधी तपासायचा नाही. "हॅलो हॅलो, मागे ऐकू येतंय का?" हासुद्धा कार्यक्रमच असतो.

पुढच्या दोन रांगांवर 'राखीव' चिकटवा. ज्यांच्यासाठी राखीव ते येत नाहीत, आलेले मागे उभे राहतात, फोटोत गर्दी छान दिसते.

आता मंच. इथे हात आखडता घेऊ नका, खुर्च्या भरपूर मांडा. लेखिका एकच असते हो, पण अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, प्रायोजक, हॉल स्वस्तात मिळवून देणारे, आणि खाली बसवलं तर रुसतील असे दोघं-तिघं. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा चालूच ठेवायचा. वात विझते, परत पेटवतात, परत विझते, फोटोग्राफर म्हणतो सर इकडे बघा. मग प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला श्रीफळ. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नसावं ही मुख्य अट. आमचे पाहुणे उभं राहताच म्हणाले, "पुस्तक कालच हाती आलं, चाळलंय", आणि त्या चाळलेल्या पुस्तकावर पाऊण तास बोलले, म्हणजे पुस्तकावर नाहीच, अमेरिकेतल्या नातवावर, त्याला मराठी येत नाही यावर, मग ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्यात आपला खारीचा वाटा कसा होता यावर, मग आपल्याच एका जुन्या कवितेवर, आणि ती पूर्ण म्हणून दाखवली! लेखिका तिथेच, कडेच्या खुर्चीत, मांडीवर पुस्तक धरून. कथेत खूण म्हणून रेल्वेचं तिकीट घातलेलं, ते काढायची, परत घालायची. सावंतवाडीहून रात्रभर प्रवास करून आलेली बाई. शेवटी निवेदिका म्हणाली, "वेळेअभावी थोडक्यात." बाईंनी वाचायला घेतलं, फणसावरून सासू-सुनेचं भांडण, अस्सल मालवणीत, आणि काय वाचत होत्या! तोवर जांभया देणारा हॉल खदाखदा हसायला लागला, दुसरं पान उलटलं आणि पोचली चिठ्ठी, "आवरतं घ्या". सुनेने फणसाचं काय केलं ते अजून मला माहीत नाही.

प्रश्नोत्तरांत "प्रश्न नाही, दोन शब्द बोलायचेत" म्हणणाऱ्या काकांना पहिला माईक द्या.

वडे-चहा आधीच द्या. उरलेल्यांना निघायला बरं पडतं.

नुसते श्रोते असाल तरी मजा घेता येते. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला जा, डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत पुढची खुर्ची पकडा आणि लेखक बोलायला लागला की रील्स बघा. आवाज चालू ठेवून. पुस्तकांच्या स्टॉलवर मागच्या कव्हरचा फोटो काढा, "ऑनलाइन स्वस्त मिळेल" असं विक्रेत्याला ऐकू जाईल असं म्हणा आणि पुढे सरका.

जाऊ दे, नाही जमत गोड बोलायला. अहो, विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव फिरून कविताच वाचायचे ना? लोक यायचे, बसायचे, ऐकायचे. पु. ल. आणि सुनीताबाई बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कविता वाचायचे, त्यालाही लोक यायचे. आणि वर तुम्ही रडता की आता लोक येत नाहीत! कशाला येतील? तुमच्या पाहुण्याचा नातू ऐकायला? लाज वाटू द्या जरा. पत्रिकेवर त्या बाईंचं नाव मोठ्ठं छापून लोक जमवता आणि तिलाच गप्प बसवता. मानधन तर सोडाच, गाडीभाडंही नाही, वर शाल. सावंतवाडीच्या घामाच्या धारांत काय करायचीय शाल? भाडं द्या, मानधन द्या, सलग अर्धा तास द्या, तोही सुरुवातीलाच. पाहुण्यांना बोलायचंच असेल तर तिचं वाचून झाल्यावर बोलू देत, तेव्हा किती लोक थांबतात ते त्यांनाही कळू दे.