पाय परत येतो म्हणून जीव स्वस्त झाला का?

ॲक्सोलॉटलबद्दल एक वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. "त्याला काही होत नाही हो, पाय तुटला तरी परत येतो!" अहो येतो ना. पाय येतो, शेपूट येते, कल्ल्यांचे झुपकेसुद्धा येतात. पण स्वतःच्याच घाणीतून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने होरपळलेला जीव परत येत नाही. गोष्टीतला प्राणी नाहीये तो! मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला उभयचर आहे, तिथे जेमतेम उरलाय आणि लोकांच्या टाक्यांत मरतोय.

पाणी १६ ते १८ अंश लागतं. २० च्या वर गेलं की त्रास सुरू, २४ म्हणजे जिवावरच. रात्री १८ आणि दुपारी २७, याला थंड ठेवणं म्हणत नाहीत. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, प्राणी खाणं सोडतो आणि बुरशीचं मात्र फावतं. कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की मग पळापळ, मग बर्फाची भली मोठी बाटली टाकीत, आणि तासाभरात पाच अंशांचा धक्का! पाण्यावर पंखा मारला तर दोन-तीन अंश उतरतात. तेवढ्याने भागत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र घ्या. चिलर झेपत नसेल तर प्राणी आणू नका.

ते रंगीत खडे आधी फेका. तो तोंड उघडून पाण्यासकट घास आत ओढतो, गांडूळ आणि खडा त्याला सारखेच. खडा आतड्यात अडकला की संपलं. तळ मोकळा ठेवा. वाळू हवीच असेल तर १ मिलिमीटरहून बारीक, तीही तो १५ सेंटिमीटरचा झाल्यावर.

पण खरा संताप येतो तो सकाळी टाकी, संध्याकाळी प्राणी या घाईचा. अमोनियाचं नायट्राइट (तेही विषारीच) आणि नायट्राइटचं त्यामानाने कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तोवर टाकीत प्राणी नाही, फक्त त्या जीवाणूंना खाद्य म्हणून मोजून घातलेला अमोनिया. २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की मगच. इतकं सांगूनही लोक फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतात! क्लोरीनने जीवाणू मेले, झालं, पुन्हा पहिल्यापासून. टाकीतून उपसलेल्या पाण्यातच पिळायचा तो, हलक्या हाताने.

आणि "बघा, कसा हसतोय" हे तर बंदच करा. तोंडाची ठेवणच तशी आहे, मरतानाही तो तसाच दिसतो. बघायचे ते कल्ले. ते पुढे वळलेत, शेपटीचं टोक गुंडाळलंय, म्हणजे प्राणी ताणाखाली आहे. बऱ्याचदा फिल्टरचा झोत सोसत नसतो. फिल्टरची तोटी काचेकडे वळवा, फोटो राहू द्या, आधी थर्मामीटर आणि पाणी तपासायचं टेस्ट किट काढा.