थरकाप दोघांचाही

कुठे दरड कोसळली, कुठे ढगफुटी झाली, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, देवाचा कोप झाला. दुसरा विचारतो, मग भाविक कसे मेले, तेव्हा कुठे होता तुमचा देव? पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये राहून हा वाद ऐकताना वाटतं, दोघंही मधलीच एक गोष्ट गाळतात. त्या अफाट शक्तीपुढे दोघांचाही थरकाप उडालेला असतो.

या शहरानं तो अनुभवला आहे. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी चर्च भरलेली असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत शिरला, मग कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. हजारो माणसं गेली, त्यांतली कितीतरी प्रार्थना करता करता. कार्मो मठाच्या चर्चचं तेव्हा कोसळलेलं छप्पर आजही उघडंच आहे. तिथल्या कमानींखाली देव न मानणारे माझे सहकारी माझ्यासारखेच गप्प होतात. मी देव मानतो. पण त्या क्षणी आमच्यात फरक करता येत नाही.

फरक पडतो तो नंतर. पिएरकार्लो वाल्देसोलो आणि जेसी ग्रॅहम या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवून दिलं, की विस्मयानं भारावलेल्या माणसाला अनिश्चितता सोसवत नाही आणि अलौकिक शक्तीवरचा त्याचा विश्वास वाढतो. वाल्देसोलो यांच्याच 2016 च्या अभ्यासात देव न मानणारे अशा वेळी विज्ञानाकडे ओढले गेले, त्यातही जगाला सुसूत्र ठरवणाऱ्या स्पष्टीकरणांकडे. म्हणजे ‘मला कळत नाही’ या अवस्थेत थांबणं दोघांनाही जड जातं.

गीतेच्या अकराव्या अध्यायातला अर्जुन मात्र तिथे थांबतो. विश्वरूप पाहून तो थरथर कापतो, हात जोडतो आणि सरळ सांगतो, तुझी ही करणी मला कळत नाही. प्रत्यक्ष दर्शन झालेला भक्त असं म्हणतो, आणि आपण दुसऱ्या दिवशी कोपाचं कारण, पाप्यांच्या नावानिशी, जाहीर करतो! माझ्या मते असं बोलणाऱ्याच्या मनात देवाचा धाक उरलेलाच नसतो. तो देवाचा प्रवक्ता होऊन बसलेला असतो.

ही चूक थोरांकडूनही होते. 15 जानेवारी 1934 चा बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी कडाडून विरोध केला: नैसर्गिक उत्पाताची कारणं निसर्गातच असतात. टागोर नास्तिक नव्हते, म्हणून त्यांचा विरोध मला फार मोलाचा वाटतो. गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला, आपलं मत न सोडता उत्तर दिलं. अस्पृश्यता पाप होतीच. पण ते पटवायला ढिगाऱ्याखालच्या निरपराध माणसांची साक्ष काढणं मला अजूनही सहन होत नाही.

देव न मानणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. घाबरून हात जोडणाऱ्या माणसाला हसू नका. ते हात सांत्वन शोधत असतात, तुमच्या तर्काला आव्हान देत नसतात. आणि तर्काची बाजू घेणारी सत्ताही निर्दय होऊ शकते. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूनं लिस्बनचा भूकंप पापांचं फळ ठरवणारी पुस्तिका 1756 मध्ये लिहिली. मंत्री पोंबाल त्यांच्यावर उलटले आणि 1761 मध्ये भर चौकात त्यांचा गळा आवळण्यात आला.

त्याच पोंबाल यांच्या सरकारनं त्याच 1756 मध्ये देशभर एक प्रश्नावली पाठवली होती. हादरे किती वेळ बसले? समुद्र आधी ओसरला की चढला? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काय बाहेर आलं? भूकंपशास्त्राच्या अभ्यासात हे कागद आजही मोलाचे मानले जातात. आपल्याकडच्या दोन्ही तटांनी एक लक्षात घ्यावं: ती उत्तरं लिहिली होती गावोगावच्या धर्मगुरूंनी. देवाला भिणारीच माणसं होती ती, आणि तरी समुद्र किती चढला हे त्यांनी मोजून लिहिलं.