च्च

मंगळवारी सकाळी फर्मागुढीच्या थांब्यावर माझी पणजीची बस गेली. 'चुकली' असं मी म्हणणार नाही. मी वेळेवर होतो, हात वर केलेला होता. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, हवेतला अदृश्य बल्ब फिरवावा तशी बोटं फिरवली आणि निघून गेला. बस भरली? मागून दुसरी येतेय? की तुझं डोकं फिरलंय? तिन्ही अर्थ त्या एका बल्बात बसतात.

थांब्यावर एक आजोबा होते. गुडघ्यांत छत्री, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी तांबडी भाजी.

"आजोबा, मागून आणखी बस आहे ना?"

आजोबांनी भुवया वर केल्या. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी भुवयांच्या ७ हालचाली सांगितल्या आहेत आणि दृष्टीचे ३६ प्रकार. मुनी फर्मागुढीला आले असते तर त्यांना नवा अध्याय घालावा लागला असता. कारण या भुवया वर गेल्या त्या तिथंच राहिल्या. उत्तर देऊन झालं की प्रश्न नुसता पोचला, हे कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे आहे?"

खालचा ओठ पुढं आला.

"म्हणजे नाही?"

मान हलली. उभी म्हणावी तर आडवी, आडवी म्हणावी तर तांबड्या भाजीकडे.

"आजोबा, येणार की नाही येणार?"

"च्च."

आता हा 'च्च' म्हणजे अख्खं व्याकरण आहे. एकदा केला तर 'नाही'. मान तिरकी करून दोनदा केला तर 'अरेरे'. समोर मांजर असेल तर 'ये'. दातात काही अडकलं असेल तर कशाचाच काही नाही. मी पहिला अर्थ घेतला. शाळेत व्याकरणाला पैकीच्या पैकी मिळवल्याचा हा परिणाम.

शब्दांवाचून स्पष्ट बोलणारा आमच्याकडे एकच माणूस, पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला. पूर्वी म्हणे तो खुळखुळणारी काठी आपटत यायचा, आता सायकलचा भोंपू वाजवतो. पाँ-पाँ म्हणजे पाव. या पाँ-पाँचा दुसरा अर्थ लावून कुणाची नोकरी गेल्याचं ऐकिवात नाही.

समोरून एक रिकामा पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाला, आला. त्यानं मोटारसायकल न थांबवताच हनुवटी उडवली, म्हणजे 'कुठं?' मी अंगठ्यानं उताराखालचं फोंडा दाखवलं. स्टँडवर तरी बस मिळेल, हा हिशोब. अर्ध्या उतारावर पणजीची बस समोरून वर चढत आली. निम्मी रिकामी. मी मागच्या सीटवरून दोन्ही हात हलवले. दारातल्या कंडक्टरनं मला पाहिलं, तोंडभर हसला आणि टाटा केला.

ऑफिसात पोचलो तेव्हा साहेबांनी तोंडानं काही न म्हणता घड्याळाकडे पाहिलं. हे मात्र मला लगेच कळलं. याच ऑफिसात मध्यंतरी एका प्रशिक्षकानं पडद्यावर आकडे दाखवले होते: संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८, चेहरा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतले. पण तिथं प्रश्न भावनांचा होता; सुटा शब्द कुठल्या सुरात, कुठल्या चेहऱ्यानं म्हटला की माणसाला काय वाटतं, एवढाच. बसचं वेळापत्रक ५५ टक्के चेहऱ्यावरून वाचावं, असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही.

पण इकडे सगळ्यांनी तेच धरलंय. परवा एका खिडकीपाशी दाखला मागितला, तर बाईंनी हनुवटीनं पुढची खिडकी दाखवली. पुढच्यानं डोळ्यांनी परत मागची दाखवली. तास गेला. तक्रार काय करणार? 'यांनी मला हनुवटी दाखवली' असं अर्जात लिहिणार? शब्द दिला की अंगाशी येतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. भुवईची पावती मागता येत नाही.

संध्याकाळी उतरलो तर आजोबा थांब्यावरच. सकाळचेच की पुन्हा आलेले, देव जाणे.

"काय हो," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "सकाळी उगाच गेलात. तुम्ही गेलात आणि दोन मिनिटांत बस आली. चांगली बसायला जागा होती."

"मग तेव्हाच बोलायचं की!"

"कसं बोलणार? कवळी घरी राहिली होती."

मी च्च केलं. कुठल्या अर्थाचं, ते त्यांनी विचारलं नाही.