आधी मुकादमाला विचारा, मग सॉफ्टवेअर उघडा

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. सिव्हिलची पदवी झाली, आता बांधकामातलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचंय. "ताई, वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरपैकी प्रायमाव्हेराचा कोर्स करू की एमएस प्रोजेक्टचा?" मी म्हटलं, दोन्ही कर, पण आधी सहा महिने साइटवर काढ, तेही सेंटरिंगवाल्यांच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी खाली साचा आणि टेकू उभारणाऱ्यांच्या, मागे मागे. त्याला ते फारसं पटलं नाही, आवाजावरून कळलं. म्हणून सविस्तर लिहितेय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा माझं पहिलं मोठं वेळापत्रक सात स्लॅबच्या एका इमारतीचं होतं. सगळं ऑफिसात बसून केलं. दर १० दिवसांनी एक स्लॅब, म्हणजे पहिल्यापासून सातव्यापर्यंत ६० दिवस. मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडलं. साइटवर प्रिंट घेऊन गेले. सेंटरिंगच्या मुकादमांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. त्यांनी कागद नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "ताई, माल किती सेट धरलाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मी माणसं धरली होती, सळई धरली होती, काँक्रीट धरलं होतं. काँक्रीट पेलणाऱ्या साच्याच्या प्लेटा आणि टेकू धरलेच नव्हते. एका स्लॅबखाली लागतो तेवढा माल म्हणजे एक सेट. साइटवर होते दोन सेट. आमच्या बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ६ मीटरपेक्षा मोठा होता. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा बीमखालचे टेकू २१ दिवस काढायचे नाहीत, तेही साधं पोर्टलँड सिमेंट असेल, तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल आणि पाणी नीट मारलं असेल तर. (पीपीसी, म्हणजे राखमिश्रित पोझोलाना सिमेंट, वापरत असाल तर दिवस वेगळे धरावे लागतात, हे नवी मुलं हमखास विसरतात.)

मामांनी तिथेच वाळूवर काडीने गणित मांडलं. पहिला सेट पहिल्या स्लॅबखाली, दुसरा दुसऱ्याखाली. तिसऱ्या स्लॅबला माल कुठला? पहिल्या स्लॅबखालचा. तो सुटणार २१व्या दिवशी. त्यापुढे सेंटरिंग, सळई, ओतकाम यांचे नऊ दिवस. म्हणजे तिसरा स्लॅब ३०व्या दिवशी, माझ्या चार्टवर २०व्या. असं दर दोन मजल्यांना १० दिवस मागे पडत सातवा स्लॅब ९०व्या दिवशी येत होता. माणसं दुप्पट केली असती तरी हे दिवस कमी झाले नसते. तिसरा सेट भाड्याने आणला की मात्र पुन्हा १० दिवसांचं चक्र बसत होतं, आणि आम्ही तेच केलं.

सॉफ्टवेअरची यात काही चूक नव्हती. तिसऱ्या मजल्याचं सेंटरिंग पहिल्या मजल्याच्या टेकूंना बांधलेलं आहे, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कामांसाठी तयार झाली. तिचा गाभा इतकाच की कुठलं काम कशावर अडतं आणि त्याला किती दिवस लागतात हे खरं सांगा, मग शेवटची तारीख कोणती साखळी ठरवते ते ती दाखवते. त्या दोन गोष्टी खोट्या भरल्या तर उत्तरही खोटंच येणार. आणि त्या ज्यांना ठाऊक असतात ते लोक प्लॅनिंगच्या मीटिंगला बोलावलेच जात नाहीत. मला याचा मनापासून राग येतो.

काही कामांचे दिवस मुकादमालाही आधी सांगता येत नाहीत, हेही खरं. कोकण रेल्वे घ्या. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, ७४१ किलोमीटर. काम १९९० साली सुरू झालं, उद्दिष्ट पाच वर्षांचं. कोकण रेल्वे महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकाला मुख्य अभियंता दिला आणि निर्णय तिथल्या तिथे घ्यायचे अधिकार दिले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पण कातळातला. कातळात रोज किती पुढे सरकू याचा अंदाज बांधता येतो. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मात्र पाण्याने भिजलेली ढिसूळ माती होती. खणलेलं पुन्हा ढासळायचं, यंत्रं चालायची नाहीत, माणसंही गेली. अखेर २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. कुणी हे उशिराचं उदाहरण म्हणून सांगतं. मी नव्या मुलांना ते जोखमीचं म्हणून सांगते. दोन्ही बोगदेच, पण एकाच्या दिवसांवर विश्वास ठेवता येतो आणि दुसऱ्याला मोकळे दिवस राखून ठेवावे लागतात. कोणता कुठला हे कळायला जमीन पाहावी लागते.

आता एक सल. एका कामावर आम्हाला ड्रॉइंग वेळेत मिळाली नाहीत, दोनदा काम थांबलं. त्या दिवशी हिंड्रन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या वहीत, नोंद करायला हवी होती: कधी थांबलं, कशामुळे, कधी सुरू झालं, दोन्ही बाजूंच्या सह्या. मी "संबंध बिघडायला नकोत" म्हणून टाळलं. मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा आठवणीतून लिहिलेल्या तारखा कुणी मानल्या नाहीत. दंड कापला गेला आणि पुढच्या आरए बिलात, म्हणजे झालेल्या कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलात, त्याची झळ मजुरीपर्यंत पोचली. आठवड्याचा पगार लांबला तेव्हा गवंड्यांसमोर उभं राहणं फार अवघड होतं. तेव्हापासून रजिस्टर संध्याकाळी सहाला माझ्या टेबलावर लागतंच. समोरच्याचा राग परवडतो, कोरं पान परवडत नाही.

कोर्स वाईट नाहीत. बीओक्यू (कामांची आणि मापांची यादी) वाचणं, दर काढणं, करारातली कलमं समजून घेणं हे पद्धतशीर शिकावंच लागतं, साइटवर ते कुणी बसून शिकवत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पहिलं वेळापत्रक ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने काढा. प्रत्येक कामापुढे तो दिवसांचा आकडा कुणी सांगितला ते लिहा: सळई वाकवणारा बारबेंडर, प्लंबर, सेंटरिंगचा मुकादम. ज्या आकड्यापुढे कुणाचंच नाव नाही तो तुम्ही मनाने टाकलाय. गावच्या जत्रेला किती माणसं जातात, कोणत्या सणाला टोळी अर्धी होते, जूनच्या आत पायाचं खोदकाम संपतं का, हे सगळं त्याच बोलण्यातून कळतं.

त्या मुलाला पुन्हा फोन केला. शनिवारी आमच्याकडे चौथा स्लॅब आहे. सकाळी सातला ये म्हटलं, हेल्मेट मी देते. पहिला तास माझ्याकडे येऊ नकोस, खालच्या मजल्यावर मुकादमासोबत टेकू मोजत फिर.